श्रेयांकांची शिल्लक

जुन्नर-आंबेगावच्या व्यापारी घरांत वहीतील शिल्लक वर्षानुवर्षे पुढे ओढली जाते. लेकीच्या शिक्षणाची शिल्लक मात्र लग्नाबरोबर अनेकदा बुडीत खाती गेली. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव येथे महाविद्यालये झाली, मुली पदवीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचल्या आणि नेमके तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर स्थळ पसंत पडले. सासर दूरचे असले की विद्यापीठच बदलते.

मंचरच्या एका कापड दुकानदाराच्या कन्येपुढे हाच प्रश्न आला. वाणिज्य शाखेची दोन वर्षे पुणे विद्यापीठाखाली पूर्ण झालेली. सासर सांगलीस, म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत. “श्रेयांक बँकेत आहेत, ते कुठेही चालतील,” असे घरात सर्वांनी धरून चालले होते. आजोबांनी मात्र पेढीवरचा कोरा कागद पुढे ओढला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू केली. खाते विद्यार्थ्याच्या नावाचे, पण भरणा संस्थेनेच करायचा. गुणपत्रिका दाखवून विद्यार्थ्याला स्वतः श्रेयांक जमा करता येत नाहीत. जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त 7 वर्षे ग्राह्य राहतात. इथवर सारे सोयीचे आहे. अडचण त्याच नियमावलीतील एका अटीत आहे: जी संस्था पदवी देणार, तिच्याकडूनच किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले हवेत.

आजोबांनी हिशेब मांडला. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक. मुलीच्या हाती 80. सांगलीत उरलेल्या वर्षाचे 40. तेथील पदवीसाठी मात्र 60 हवेत. 20 कमी पडतात. चार वर्षांची ऑनर्स पदवी धरली तर एकूण 160. 80 इकडचे, 80 तिकडचे, काटा बरोबर मध्यावर. त्यातही नव्या विद्यापीठाने विषयांची समकक्षता मान्य करावी लागते आणि जागा असावी लागते. बँक श्रेयांक सांभाळते, प्रवेश मिळवून देत नाही. पेढीवर पैसा जमा असला म्हणून कोणी दुकान चालवायला देत नाही, तसेच हे.

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेखात दानांचे आकडे दगडात कोरलेले आहेत. जमा-खर्च नोंदवण्याची या मुलखाची सवय तशी जुनी. लेकीच्या दोन वर्षांचा हिशेब मात्र सोयरीक जमवताना कोणी विचारत नाही, हे खटकण्याजोगे आहे.

मुहूर्ताचा पेचही होताच. चातुर्मासात लग्न नाही, आणि चातुर्मास सरला की सत्र परीक्षा डोक्यावर. आजोबांनी सांगलीच्या व्याह्यांना फोन केला. “तारीख तुम्ही म्हणाल ती, पण वैशाखातली. पोरीला तिसरे वर्ष इथेच पुरे करू द्या,” एवढेच ते म्हणाले. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग व्याह्यांनी विचारले, “पुढे चौथे वर्ष करायचे म्हणाली, तर आमच्याकडे काय लागेल?” आजोबांनी कागद पुन्हा हाती घेतला आणि सारे आकडे सावकाश वाचून दाखवले.

दुसऱ्या दिवशी मुलीने आपले खाते उघडून पाहिले. चौथ्या सत्राचे श्रेयांक अजून जमा दिसत नव्हते. गुणपत्रिकेची प्रत घेऊन ती महाविद्यालयाच्या कार्यालयात गेली.