पऱ्हाटीतला भोवताल

'एन्व्हायरन्मेंट' हा शब्द इंग्रजीत रुळला तो जंगलांमुळे नव्हे, माणसामुळे. १८२८ मध्ये थॉमस कार्लाइलने कवी गटेवर लिहिताना जर्मन 'उमगेबुंग'साठी तो वापरला. अर्थ होता, माणसाला घडवणारी भोवतालची परिस्थिती. पुढे हर्बर्ट स्पेन्सरने १८५५ च्या मानसशास्त्रावरील ग्रंथातून तो सजीवसृष्टीच्या विचारात नेला. दोघांच्याही लेखी भोवताल हा कुणाचा तरी असतो. मधोमध कुणी नसेल तर शब्दाला अर्थच उरत नाही. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेच्या नावातही 'मानवी' हे विशेषण होते. आपल्याकडे 'पर्यावरण' रुळेपर्यंत मात्र ते गळून पडले, आणि मधला माणूसही.

याचा पुरावा यवतमाळ जिल्ह्यातच आहे. इथे पर्यावरण म्हटले की टिपेश्वर अभयारण्यातले वाघ आठवतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये अवनी वाघीण मारली गेली तेव्हा देशभर पर्यावरणाची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या खरिपात, याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ती बातमी शेतीच्या रकान्यात गेली, फार तर आरोग्याच्या. दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या कापसाच्या गावात पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरणाऱ्याला विष चहूबाजूंनी घेरते. कार्लाइलच्या अर्थाने याहून नेमका भोवताल कोणता?

कुणी म्हणेल, हा निष्काळजीपणा आहे. तोंडाला काही बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत. पण भादव्याच्या उकाड्यात रोजंदारीवरच्या माणसाला ते का झेपत नाही, याचे उत्तर हवा, पिकाची उंची आणि मजुरी यांत आहे, म्हणजे पुन्हा भोवतालातच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: सगळेच पर्यावरण म्हटले तर शब्द निकामी होईल. खरे आहे, म्हणून सीमा हवी. ती १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने आखून ठेवली आहे: पाणी, हवा, जमीन आणि त्यांचे माणसाशी, इतर जीवांशी, वनस्पतींशी, मालमत्तेशीही असलेले संबंध. ही व्याख्या वाघाला जेवढी लागू, तेवढीच फवारणाऱ्याला. ती रुजवायला जागाही आहे: आपल्या प्राथमिक शाळांतला 'परिसर अभ्यास'. त्या तासाला कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण वाचायला शिकवा: लाल अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. आणि हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही.