सिएनाचं अर्धवट राहिलेलं कॅथेड्रल

इटलीत फ्लॉरेन्सला जाणार असाल, तर एक दिवस सिएनासाठी राखून ठेवा. बसने साधारण सव्वा तास लागतो. बरेच जण तिथला शंखाच्या आकाराचा मोठा चौक पाहून, पिझ्झा खाऊन परततात. तुम्ही मात्र थोडा चढ चढून कॅथेड्रलच्या चौकात या.

काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्यांची ही इमारत लगेच नजरेत भरते. शहराच्या निशाणाचे रंगही हेच. पण आता उजवीकडे वळा. तिथे एक प्रचंड भिंत उभी आहे आणि तिच्या खिडकीतून चक्क आकाश दिसतं!

गोष्ट १३३९ सालची. सिएना श्रीमंत होतं, शेजारच्या फ्लॉरेन्सशी चुरस होती आणि तिकडे नवं कॅथेड्रल बांधणं सुरू होतं. मग सिएनाकरांनी ठरवलं, आपलं आहे ते अख्खं कॅथेड्रल नव्या कॅथेड्रलचा नुसता आडवा हात होईल, एवढं मोठं बांधायचं. काम सुरू झालं, भिंती चढल्या. १३४८ मध्ये प्लेग आला. शहरातली निम्मी किंवा त्याहूनही जास्त माणसं गेली असं मानतात. त्यातच बांधकाम कच्चं असल्याचं लक्षात आलं आणि १३५७ मध्ये धोकादायक भाग उतरवावा लागला. उरलेलं मात्र कोणी पाडलं नाही. जिथे प्रार्थनेला माणसं बसणार होती, तिथे आज उघडा चौक आहे.

एका बाजूच्या कमानी बंद करून आत संग्रहालय केलंय. तिथूनच अरुंद गोल जिन्याने त्या भिंतीच्या माथ्यावर जाता येतं. गुडघे कुरकुरतील, पण वरून लाल कौलांचं सगळं गाव दिसतं. कॅथेड्रलच्या आत फरशीवर ५६ संगमरवरी चित्रं आहेत. ती वर्षातला बराच काळ झाकलेली असतात, म्हणून तारखा आधी बघून घ्या.

निघण्यापूर्वी पायऱ्यांसमोरच्या लांबलचक इमारतीत नक्की डोकवा. हे सांता मारिया देल्ला स्काला, युरोपातल्या सर्वांत जुन्या इस्पितळांपैकी एक. ‘स्काला’ म्हणजे जिना. कॅथेड्रलच्या पायऱ्यांसमोर आहे म्हणून हे नाव. यात्रेकरू, आजारी माणसं, टाकून दिलेली मुलं, सगळ्यांना इथे आसरा मिळे. मोठ्या दालनातल्या भिंतींवर पंधराव्या शतकातली चित्रं आहेत. त्यात रुग्णांची शुश्रूषा चालू आहे, आणि इथेच वाढलेल्या अनाथ मुलीचं लग्नही लागतंय. आता हे संग्रहालय आहे. पण विसाव्या शतकातही रुग्णांच्या खाटा याच चित्रांखाली मांडलेल्या असत.