सुटीच्या दिवसाचा समुद्र

वसई पश्चिमेला आमचं स्ट्रक्चरल ड्रॉइंगचं छोटं ऑफिस आहे. दुसरा मजला, खाली साड्यांचं दुकान. रिसेप्शनच्या भिंतीला लागून प्रवाळांची एक लहान टाकी बसवायची असं सरांनी यंदा ठरवलं, आणि घरी मी बरीच वर्षं गोड्या पाण्यातले मासे पाळत असल्याने आखणीचं काम माझ्याकडे आलं. सरांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. निळा उजेड, डुलणारे प्रवाळ, नारिंगी मासे. म्हणाले, "असंच पाहिजे. माप तू काढ."

मी आधी माप काढलं नाही. ऑफिस बंद कधी असतं ते कागदावर मांडलं. सकाळी दहा ते रात्री आठ, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे १६८ तासांपैकी आम्ही ६० तास तिथे असतो. उरलेले १०८ तास एसी बंद, खिडक्या बंद, माणूस नाही. त्यात गणपती आणि दिवाळीच्या सुट्या वेगळ्या. येणारा-जाणारा ज्या टाकीकडे बघून खूश होणार, ती जगणार की मरणार हे त्याच १०८ तासांत ठरणार होतं. मग सगळा आराखडा मी तिथून सुरू केला.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मुद्दाम ऑफिस उघडून पाहिलं. पश्चिमेच्या काचांवर ऊन होतं आणि थर्मामीटरचा पारा ३५ च्या वर गेला होता. प्रवाळांच्या टाकीचं पाणी २५ ते २७ अंशांत राहावं लागतं. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर अन्न तयार करून त्याला पोसतं. पाणी तापलं की तो प्राणी शैवाल बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी राहतो. भर समुद्रात उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एक अंशाने जास्त तापलं आणि महिनाभर तसंच राहिलं, तरी हे विरंजन सुरू होतं. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर १९९८, २०१० आणि २०१६ साली हीच वेळ आली. तिथे अख्ख्या समुद्राला तापायला आठवडे लागतात. शंभर-सव्वाशे लिटरच्या टाकीला एक रविवार पुरतो.

पुण्याकडचे लोक टाकीवर छोटे पंखे लावून पाणी थंड ठेवतात, कारण कोरड्या हवेत पाण्याची वाफ पटकन होते. वसईच्या दमट हवेत त्या पंख्यांनी फारसं काही साधत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. म्हणून चिलर घेणं भाग होतं, आणि तो चिलर कपाटात कोंडून चालणार नव्हता, कारण पाण्यातून काढलेली उष्णता तो खोलीतच सोडतो. कपाटाला मागून जाळी आणि भिंतीपासून वीतभर अंतर, असं ड्रॉइंगमध्ये घातलं. वीज गेली की चिलर बंद पडणारच, आमच्या इन्व्हर्टरला तो झेपत नाही. पण माशांना तेव्हा गारव्याआधी प्राणवायू लागतो. गरम पाण्यात आणि खाऱ्या पाण्यात तो आधीच कमी विरघळतो, त्यात पाणी हलायचं थांबलं की तासाभरातच धाप लागते. म्हणून पाणी फिरवणारा छोटा पंप इन्व्हर्टरवर घेतला, आणि त्याच्या जोडीला वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप. पंप दोन-चार वॅटचा असतो, त्यामुळे इन्व्हर्टर रात्रभर पुरतो.

वजनाचा विषय आमच्याच धंद्यातला, त्यामुळे तो लगेच सुटला. ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरची टाकी म्हणजे काठोकाठ १२१ लिटर. काच, दगड, खालची टाकी आणि कपाट धरून दोनशे किलोच्या पुढे. सरांनी दाखवलेली जागा स्लॅबच्या मधोमध येत होती. ती मी कॉलमजवळ बीमवर आणली आणि सरांनी एका शब्दानेही हरकत घेतली नाही. खालच्या टाकीचं मात्र त्यांना समजावून सांगावं लागलं. वरच्या टाकीतून पाणी पाइपने खाली उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. पंप थांबला की वरचं बरंचसं पाणी खाली येतं. ते मावायला खालच्या टाकीत जागा कायम रिकामी ठेवावी लागते, आणि वर जाणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीजवळ एक बारीक भोक पाडावं लागतं, म्हणजे उलटा ओघ तिथेच तुटतो. एवढं केलं नाही तर रात्री वीज जाते आणि सकाळी साड्यांच्या दुकानाच्या छतातून खारं पाणी गळतं. टाकी बनवणाऱ्या दादांना मी ती रिकामी पातळी लाल रेषेने आखून दिली. त्यांनी त्यांच्याकडच्या स्टिकरने ती काचेवर पक्की केली.

मग आलं पाणी. आमचं घर जूचंद्रचं, आधीच्या पिढ्या मिठागरांवर राबलेल्या. काकांना टाकीचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मीठ विकत कशाला घेतेस पोरी? आगरातलं घे, समुद्राचंच आहे." प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर काकांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. ते आगरात पाण्याच्या खारटपणाची डिग्री बघायचे. भरतीचं पाणी कोंड्यात घेतलं तेव्हा साधारण तीन डिग्री. ते उन्हाने आटत एका कोंड्यातून दुसऱ्यात जातं. वाटेत आधी चुना बसतो, मग जिप्सम बसतं, आणि पंचवीसच्या आसपास खायचं मीठ पडायला लागतं. मीठ ओढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम राहतं, आणि ते पाणी काढून टाकतात. म्हणजे आगरातलं मीठ हा समुद्राचा मधला हिस्सा. प्रवाळांना, शिंपल्यांना, दगडावर चढणाऱ्या गुलाबी शैवालाला नेमका आगर वगळतं तो हिस्सा लागतो. लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आम्ही जे फेकायचो ते तुझ्या माशांना पाहिजे." त्यानंतर टाकीच्या मिठाबद्दल मला जे जे अडलं ते मी काकांनाच विचारलं.

किनारा एवढा जवळ असताना समुद्राचं पाणीच का आणू नये, हे पाचूबंदरला जाऊन पाहिलं. वसईच्या खाडीतून उल्हास नदीचं पाणी येतं, उत्तरेला अर्नाळ्यापलीकडे वैतरणा मिळते. वर्षभर गाळ, आणि पावसाळ्यात तर किनाऱ्याचा खारटपणाच उतरतो. आमच्या समुद्राला बोंबील मानवतो, प्रवाळांना लागणारं नितळ, एकसारखं खारं पाणी इथलं नव्हे. शिवाय खाडीत कारखान्यांचं आणि गटारांचं काय उतरतं ते वसईकरांना सांगायला नको. म्हणून शुद्ध पाणी करून त्यात तयार समुद्री मीठ मिसळायचं ठरलं, लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास.

शुद्ध पाणी ही वसई-विरारमध्ये बोलायला अवघड गोष्ट आहे. सूर्या धरणाचं पाणी येतं त्या दिवशी बरं, नाहीतर टँकर, नाहीतर बोअर. टँकरच्या पाण्यात आज किती क्षार आहेत आणि उद्या किती असतील याचा भरवसा नाही, आणि टाकीला तर क्षार शून्यावर आणलेलं पाणी लागतं. आरओचं यंत्र एक बादली चांगलं पाणी देताना दोन-तीन बादल्या बाहेर टाकतं. ज्या गावात बायका टँकरची वाट बघत जिन्यात उभ्या राहतात, तिथे शोभेच्या टाकीसाठी मी ते पाणी मोरीत सोडायला तयार नव्हते. फेकलं जाणारं पाणी पिंपात धरून लादी पुसायला आणि संडासाच्या फ्लशला वापरायचं, अशी जोडणी प्लंबरकडून करून घेतली. टाकी मोठी हवी असा सरांचा आग्रह होता. तो मी याच मुद्द्यावर मोडला. पाणी जितकं जास्त, तितका दर आठवड्याचा बदल जास्त.

आता प्रवाळ. फोटोतल्या टाकीत दगडी प्रवाळ होते, आणि हेच मला सरांना सर्वांत स्पष्ट सांगावं लागलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत, काळे प्रवाळ आहेत, समुद्रपंखे आहेत. ज्या यादीत वाघ आहे ती ही यादी. शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंतची. तरी बाजारात कुणीतरी कोपऱ्यात नेऊन, आवाज खाली आणून प्रवाळाचा तुकडा दाखवतो. समुद्रातून फोडून आणलेला "जिवंत दगड" विकतो, तोही बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच असतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत हे आपल्यातल्या अनेकांच्या गावीही नसतं. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळ-वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे बसवल्या, आणि त्यासाठी महापालिकेलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागली. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहेत. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिळालेल्या आंग्रिया बँकेवर आहेत. हे सगळं सरांना सांगितलं आणि विचारलं, ज्याला हात लावायला महापालिकेला परवानगी लागते त्याचा तुकडा आपण रिसेप्शनवर ठेवायचा का? सरांनी फोटो बंद केला. मऊ प्रवाळांची गोष्ट वेगळी, त्यांची नावं त्या यादीत नाहीत. पण ते कुठून आले याचा कागद दाखवणारा विक्रेता मिळाल्याशिवाय तेही घ्यायचे नाहीत असं ठरलं. दगड म्हणून भाजलेल्या मातीचे सच्छिद्र ठोकळे घेतले. गुहा, कपारी, एक कमान. प्रवाळ नसतानाही ती रचना मला मनापासून सुंदर वाटते, आणि माशांना लपायला कपारच लागते.

माशांची यादी ऑफिसातल्या सगळ्यांनी दिली. 'फाइंडिंग निमो'मुळे निमो आणि डोरी दोघंही यादीत वर होते. डोरी म्हणजे निळा टँग फूटभर वाढतो आणि दिवसभर लांब पल्ले पोहतो, दोन फुटांच्या टाकीत त्याला ठेवणं हा छळ आहे. ते नाव मी खोडलं. क्लाउनफिश मात्र या मापाला योग्य, आणि त्यांची भारतात पैदास होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र मंडपमला बसवलं, आणि आपल्याकडे ऐरोलीला राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने शोभिवंत समुद्री माशांचं पैदास केंद्र उभारलं. टाकीत जन्मलेला मासा गोळीचं अन्न खातो, आणि त्याच्यासाठी कुणी प्रवाळात विष फवारत नाही. दोन पिल्लं एकत्र सोडली की जे मोठं होतं ते मादी बनतं, दुसरं नर राहतं. नीट सांभाळले तर दहा वर्षांहून जास्त जगतात. आमचा भाडेकरार तीन वर्षांचा आहे, हेही मी सरांपुढे ठेवलं. जागा बदलली तर टाकी बरोबर येईल असं त्यांनी शब्द देऊन सांगितलं.

शाळेत असताना आमची सहल मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेली होती. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय, २०१५ मध्ये नव्याने उघडलं, करोनाकाळात त्याचे दरवाजे बंद झाले. वसईतल्या पोरांना आज खाऱ्या पाण्यातला जिवंत मासा बघायला जवळ जागा नाही. आमच्या रिसेप्शनवर कामासाठी येणाऱ्यांची मुलं काचेला नाक लावून उभी राहतील, त्यांच्यासाठी ही टाकी मला हवी आहे.

सगळ्यात महत्त्वाची भर आमच्या मावशींनी घातली. त्या ऑफिस उघडतात, सगळ्यांत आधी त्याच येतात. बैठकीत त्यांनी विचारलं, "पेस्ट कंट्रोलवाला शनिवारी संध्याकाळी येतो, त्याचं काय?" माझ्या कागदावर ते नव्हतं. झुरळांवर मारतात ती औषधं मासे आणि कोळंबीला थेंबाने मारतात. फवारणी रिसेप्शनपुरती बंद करून जेलवर आणली. उदबत्ती देव्हाऱ्याकडे सरकली. पाण्यात नाणं टाकायची सवय असते लोकांना, आणि तांबं कोळंबीला विष, म्हणून वर जाळीचं झाकण आलं, जे उडी मारणाऱ्या माशांसाठीही लागतंच. रोज वाफेने उडणारं पाणी भरून काढणारं यंत्र आहे, तरी मीटरवर खारटपणा बघायला मावशी आठवड्याभरात शिकल्या. खाऊ फक्त त्याच घालणार. या कामाचे पैसे पगारात वेगळे धरायचे, हे सरांनी त्याच बैठकीत लिहून घेतलं.

गणपतीनंतर टाकी बसली. आता तिच्यात खारं पाणी आणि दगड आहेत, बाकी काही नाही. माशांच्या विष्ठेतून जो अमोनिया होणार, तो पचवणारे जिवाणू आधी दगडांत वाढावे लागतात. अमोनियाचं नायट्राइट, त्याचं नायट्रेट, याला महिना-दीड महिना जातो. सरांना दसऱ्याला मासे हवे होते. परीक्षानळीत नायट्राइटचा रंग अजून गडद येतो, तो मी त्यांना दाखवला. दसऱ्याला टाकीला हार घालू, मासे भाऊबीज उलटून ऑफिस उघडल्यावर येतील. पहिली दिवाळीची सुटी टाकीने रिकामीच काढावी, म्हणजे त्या दिवसांत चिलर किती वेळ चालतो, पाणी किती उडतं आणि वीज गेली तर काय होतं, ते कुणाच्या जिवावर न बेतता कळेल.