जागा

अम्मी आता थकलीय. तिच्यानंतर आमच्या मतिमंद धाकट्या भावाचं कोण करणार? म्हणून आम्ही भावंडं बीड जिल्ह्यातलंच एक वसतिगृह पाहायला गेलो. ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या मतिमंद बालगृहातला छळ 2010 साली बाहेर आला, मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ते डोक्यात होतं.

इथं रजिस्टरं चोख होती. न्हाणीघराला मात्र दार नव्हतं. कपड्यांचा ढीग एकच. कोणाचा कोणता? "हाताला लागेल तो." भावानं अंगातला सदरा घट्ट धरला. आम्ही परतलो.

"जागा मिली क्या?" अम्मीनं विचारलं. आम्ही गप्प. त्याला कुठं राहायचंय, हे आम्हीही त्याला कधी विचारलं नव्हतं.