त्याला विचारा

‘माझ्या माघारी याचं कसं व्हायचं?’ आईचं हे वाक्य ऐकतच मी मोठी झाले. माझा थोरला भाऊ आज पन्नाशी ओलांडून गेलाय. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. आमच्या लहानपणी गल्लीतले लोक त्याला सरळ वेडा म्हणत. 1912 चा कायदाही त्याला वेड्यांतच मोजत होता. पुढे 1987 च्या कायद्यानं, आणि पुन्हा 2017 च्या कायद्यानं, मतिमंदत्वाला मानसिक आजाराच्या व्याख्येबाहेर ठेवलं. आईला हे कायद्याच्या कितीतरी आधी कळलं होतं.

आईनं ऐंशी गाठली तेव्हा आम्ही राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी अर्ज केला. सुनावणीला दादा इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून बसवून आला होता. समितीनं आईला विचारलं, मला विचारलं. दादाला कुणीच काही विचारलं नाही. थोड्याच दिवसांत दाखला आला आणि मी माझ्याच थोरल्या भावाची पालक झाले. आई त्या रात्री शांत झोपली. मी जागी होते.

मला शिरूर आठवत होतं. 1994 साली तिथल्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली. पाळी त्यांना सांभाळता येत नाही, असं कारण दिलं गेलं. ठरवणारे सगळे शहाणे होते. 2009 मध्ये चंदीगडच्या, दादासारखीच बौद्धिक अक्षमता असलेल्या एका तरुणीला मूल हवं होतं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं तिचा गर्भपात थांबवला. तिच्या संमतीशिवाय तो करता येणार नाही, असं सांगितलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर मर्यादित पालकत्व आहे: निर्णय दोघांनी मिळून, एकमेकांच्या विश्वासानं घ्यायचा. मात्र 1999 चा न्यास कायदा अजून जुन्याच वळणाचा आहे. तो बदलायलाच हवा. पण ‘दोघांनी मिळून’ म्हणजे नेमकं कसं, हे कायदा बदलल्यावरही घरातच शिकावं लागणार.

मागच्या पावसाळ्यात दादाची दाढ काढायची होती. डॉक्टरांनी संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, ‘आधी त्याला विचारा.’ त्यांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली, काय करणार ते दाखवलं. दादा बराच वेळ चिमट्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘उद्या.’

आम्ही घरी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी तोच चपला घालून दारात उभा होता.