बर्फाच्या तारखा

निफाड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी चोवीस वर्षांत फळ्यावर किती वेळा भूमध्य समुद्र काढला असेल, याची मोजदाद नाही. त्या समुद्राकडून निघणारा बाण इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला भिडतो. या बाणाला पश्चिमी चक्रावात म्हणतात आणि उत्तरेच्या हिवाळ्यातला पाऊस व बर्फ मुख्यत्वे त्याच्याबरोबर येतो, हे त्या दरवर्षी मुलांना सांगतात. बाणाच्या टोकाशी पांढऱ्या खडूने ठिपके देतात. स्वतः बाईंनी मात्र बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला.

२०२३ च्या गणपतीत त्यांनी घरात जाहीर केले, की पन्नाशी उलटण्याआधी एकदा बर्फावर जाऊन स्कीइंग शिकायचे. सोबतीला कॉलेजात जाणारी भाची लगेच तयार झाली. धाकट्या भावाने द्राक्षाच्या हिशेबाच्या वहीतून मान वर केली, हसला आणि पुन्हा वहीत बघू लागला.

कुठे जायचे, हा पहिला प्रश्न. उत्तराखंडातील औली आणि काश्मिरातील गुलमर्ग ही दोन नावे पुढे आली. औलीला २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या होत्या, त्यासाठी कृत्रिम बर्फाची यंत्रेही बसवली गेली. पण त्या वर्षाच्या आरंभीच पायथ्याच्या जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले होते. बाईंनी गुलमर्ग निवडले. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे पठार नवशिक्यासाठी सोयीचे आहे. मधला वाडगा सौम्य उताराचा आहे आणि १९६८ पासून तिथे केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे. गोंडोलाचा दुसरा टप्पा मात्र अफरवाटच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो. तो मुरलेल्यांचा प्रदेश. बाईंनी वहीत दुसऱ्या टप्प्यावर काट मारली.

दुसरा प्रश्न भाचीचा होता. तिला स्नोबोर्ड हवा होता, कारण तो व्हिडिओत छान दिसतो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले असतात. पडताना माणूस हात टेकतो आणि मनगट दुखावते. स्कीवर पाय सुटे असतात, तिथे धोका मुख्यतः गुडघ्याला असतो. म्हणूनच स्कीचा बूट धरून ठेवणारी कडी ठरावीक जोर पडला की आपोआप सुटते. ती किती जोराला सुटावी, हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि कौशल्य पाहून ठरवतात. अर्जात पाच किलो वजन कमी लिहिण्याच्या बेतात असलेल्या भाचीला आत्याने हे समजावले, तेव्हा तिने खरा आकडा लिहिला आणि स्कीवरच समाधान मानले.

उरलेली तयारी घरगुती होती. रोज संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून, खुर्चीविना खुर्चीत बसल्यासारखे बसायचे, म्हणजे मांड्या कणखर होतात. सुती कपडा घामाने भिजतो आणि लवकर वाळत नाही, म्हणून अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर. स्की, बूट, काठ्या विकत न घेता तिथेच भाड्याने. काळा चष्मा मात्र चांगला हवा, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांचा फार मोठा वाटा परत डोळ्यांवर फेकतो.

स्की घसरते का, हे बाईंनी नववीच्या वर्गातही विचारले. दाबाने बर्फ वितळतो, असे एका मुलाने सांगितले. पुष्कळ पुस्तकांत तेच असते, पण माणसाच्या वजनाचा दाब बर्फाचा वितळणबिंदू जेमतेम किंचितच खाली आणू शकतो. बर्फाच्या पृष्ठभागावरचे रेणू गोठणबिंदूच्या खालीही सैल, पाण्यासारखे वागतात. मायकेल फॅरडे यांनी १८५० मध्येच असा थर असावा असे सुचवले होते. त्यात घर्षणाच्या उष्णतेची भर पडते. कडाक्याच्या थंडीत हा थर क्षीण होतो आणि बर्फ वाळूसारखा खरखरीत लागतो.

तारखा ठरल्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या. रजा त्याच वेळी मिळत होती आणि विमानाचे तिकीटही परवडत होते. बर्फाला कोणी विचारले नव्हते.

२६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड परिसरात गारपीट झाली. उत्तरेकडून आलेला पश्चिमी चक्रावात आणि पूर्वेकडचे बाष्पयुक्त वारे यांची गाठ पडली, असे त्याचे शास्त्र. बाईंना ते पाठ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भावाच्या बागेत उभ्या होत्या, तेव्हा त्या शास्त्राचा काही उपयोग नव्हता. फाटलेली पाने, चिरलेले मणी आणि ओळींमधून अजून न विरघळलेल्या गारा. आयुष्यात पहिल्यांदा एवढा बर्फ एकत्र पाहिला, तो असा. उशिरा छाटलेला एक प्लॉट तेवढा वाचला होता.

त्या रात्री बाईंनी सहलीसाठी बाजूला ठेवलेले पैसे भावापुढे ठेवले. त्याने ते तसेच सरकवले. "ताई, घड गेले ते गेले. तुझ्या तिकिटाच्या पैशानं ते परत वेलीला लागायचे नाहीत. पोरीला घेऊन जाऊन ये."

जायची तयारी झाली आणि गुलमर्गला बर्फच नव्हता. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. या दिवसांत पडलेला बर्फ घट्ट होऊन टिकतो आणि उन्हाळ्यापर्यंत ओढ्यांना पाणी पुरवतो. पुढे पडणारा बर्फ तितका टिकत नाही. २०२४ च्या जानेवारीत ऐन चिल्लई कलानमध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते. प्रबळ चक्रावात त्या काळात हिमालयापर्यंत आलेच नाहीत, असे हवामान विभागाने सांगितले. ज्या वाऱ्याने नोव्हेंबरात न बोलावता येऊन बाग झोडपली, तो जानेवारीत जिथे त्याची वाट पाहत होते तिथे गेला नाही. बाई दोन दिवस कोणाशी फारसे बोलल्या नाहीत.

मग त्यांनी वही पुन्हा उघडली आणि बेत उलट टोकाकडून मांडला. तारीख न ठरवता मुदत ठरवली. १ मार्चला दहावीची परीक्षा सुरू होणार, तेव्हा २९ फेब्रुवारीला घरी. त्याआधीचा कोणताही आठवडा चालेल. खोली अशी, की तारीख बदलता येईल. उतारावर निदान चार-पाच दिवस, कारण पहिले दोन पडण्यातच जातात. आणि निघायचे ते हवामान विभागाचा अंदाज व तिथल्या शिक्षकाचा फोन, दोन्ही जुळल्यावर. जानेवारीअखेर बर्फाला सुरुवात झाली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात भरपूर पडला. फोन आला. २३ तारखेचे विमान मिळाले.

२२ फेब्रुवारीला गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. बातमी संध्याकाळी घरी पोहोचली. बांधलेल्या बॅगा ओट्यावर होत्या. ज्या भावाने नोव्हेंबरात पैसे परत सरकवले, तोच आता म्हणाला, "पोरगी जायची नाही." वहिनी काहीच बोलली नाही, आणि ते अधिक जड होते.

बाईंनी कागदावर तीन रेघा ओढल्या. हिमस्खलने बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. शिकण्याचा वाडगा त्याहून पुष्कळ सपाट. अपघात झाला तो नेहमीच्या वाटा सोडून असलेल्या उतारावर. नुसता आपला उतार सौम्य असून भागत नाही, डोक्यावर खडा उतार नको, हेही त्यांनी लपवले नाही. संरक्षण संशोधन खात्याची एक संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज बघू. गोंडोलाने वर जाणार नाही. शिक्षक नाही म्हणाला तर त्या दिवशी खोलीत बसू. भाऊ बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिला. गारांपुढे कुठलाच कागद चालला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होते. शेवटी तो म्हणाला, "रोज संध्याकाळी फोन करायचा."

गुलमर्गला पोहोचल्या तेव्हा खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा संपत आल्या होत्या. वाडग्यात बाई पहिल्या दिवशी इतक्या वेळा पडल्या, की मोजणे भाचीने सोडून दिले. दुसऱ्या दिवशी स्कीची टोके जवळ आणि शेपट्या दूर ठेवून वेग मारता येऊ लागला. तिसऱ्या दिवशी एक वळण जमले. शिक्षक तंगमर्गच्या बाजूचा तरुण होता. जानेवारीत त्याला एक दिवसही काम मिळाले नव्हते. पण त्याला घोर लागला होता तो उन्हाळ्याचा. घरची भातशेती ओढ्याच्या पाण्यावर, आणि चाळीस दिवसांचा बर्फ यंदा पडलाच नव्हता. बाईंनी त्याला निफाडच्या गारांबद्दल सांगितले. त्याने बागेचे क्षेत्र विचारले, वेल किती वर्षांचे तेही विचारले.

पुढच्याच हिवाळ्यात, २०२५ मध्ये, त्या स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. हिंदुकुश–हिमालयात त्या मोसमात बर्फ टिकून राहण्याचे प्रमाण सरासरीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी, म्हणजे २३ वर्षांतले सर्वांत कमी होते, असे काठमांडूच्या 'इसिमोड' या संस्थेने नोंदवले. पहिल्यांदा बर्फावर जाणाऱ्याने रजेचा अर्ज सर्वांत शेवटी भरावा, हा बाईंचा सल्ला तेव्हापासून शिक्षक खोलीत प्रसिद्ध आहे.

२८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी भावाचा फोन आला. पडलीस का, जेवलात का, हे झाल्यावर त्याने विचारले, "आभाळ कसं आहे तिकडं?"

बाई खिडकीशी गेल्या. अफरवाटच्या वर, पश्चिमेकडून, पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग सरकत होते. चोवीस वर्षे फळ्यावर काढलेला बाण त्यांच्या डोळ्यांसमोर येत होता.

"यायला लागलंय," त्या म्हणाल्या.

"मग राहिलेल्या प्लॉटचा खुडा उद्याच घेतो," भाऊ म्हणाला आणि माणसे सांगायची म्हणून त्याने फोन ठेवला.