गाडीचा नाद

घोडबंदर रोडवर लोक गाडी चालवतात, असं बाहेरच्यांना वाटतं. आम्ही मानपाड्याचे लोक तिथं गाडीत नुसते बसतो. (आमचा मानपाडा ठाण्याचा. दुसरा डोंबिवलीकडे, कल्याण-शीळ रस्त्यावर आहे. आमच्या वास्तुशांतीला निघालेले मामा थेट त्या मानपाड्याला पोचले आणि तिथून ‘कितवा मजला रे?’ म्हणून फोन करते झाले.) मेट्रोचे खांब मोजून झाले, पुढच्या टेम्पोमागचा मजकूर पाठ झाला, की माणसाच्या हाती उरतं एक गाणं. आणि आमच्या गाडीत नेमकं तेच बंद पडलं.

फोनमधलं गाणं गाडीत येतं ते ब्लूटूथनं. ब्लूटूथ म्हणजे निळा दात. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅरल्ड नावाचा राजा होता, त्याचं हे टोपणनाव. त्यानं विखुरलेल्या टोळ्यांना एका राज्याखाली आणलं, म्हणून तारेशिवाय यंत्रं जोडायच्या या युक्तीला १९९८ साली पाच कंपन्यांनी मिळून त्याचं नाव दिलं. आमच्या गाडीत मात्र राजाचं राज्य फुटलं होतं. पडद्यावर गाण्याचं नाव दिसे, सेकंद इमानानं पुढं सरकत, आणि आवाज काही येत नसे. अख्खा मूकपट!

या खटाटोपात मी जे शिकलो ते सांगून ठेवतो. वेळ काय, कुणावरही येते. पहिली गोष्ट म्हणजे आवाज दोन ठिकाणी असतो, एक गाडीत आणि एक फोनात. मी गाडीचं बटण पिळून पिळून थकलो, तेव्हा फोनचा आवाज पार तळाला गेलेला सापडला. दुसरी गोष्ट, बोलणं आणि गाणं यांच्या वाटा वेगळ्या. गाडीतून फोनवर बोलता येतं म्हणून गाणंही येईलच, असं नाही. फोनच्या सेटिंगमध्ये गाडीच्या नावापुढं ‘मीडिया ऑडिओ’ अशी निराळी कळ असते. ती माझ्याच अंगठ्यानं कधीतरी बंद झाली होती. तिसरी गोष्ट, काहीच जमेना तर जुनी ओळख पुसून नव्यानं जोडायचं, पण दोन्हीकडून. एकट्या फोननं विसरून भागत नाही, गाडीनंही विसरावं लागतं. संसारातली भांडणंही अशीच मिटतात म्हणे. पण आमच्याकडे विसरायचं खातं एकट्या माझ्याकडे आहे.

एवढं केल्यावर गाणं आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काचा खाली करून ऐटीत गाडी सुरू केली, तर लताबाईंच्या ऐवजी मेव्हणी लागली. तीही फुल आवाजात.

“ताई, यंदा भाऊजी गणपतीत गायला बसले की मलाही थोडा कापूस दे गं. तू एकटीच काय कानात घालून बसतेस?”

शेजारची गाडी पुसणाऱ्या वॉचमनचं फडकं जागच्या जागी थांबलं.

आमचं घर पार्किंगच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. ब्लूटूथचा हात साधारण १० मीटरपर्यंत पोचतो. माझा फोन खिशात असताना गाडीनं वर स्वयंपाकघरातल्या हिच्या फोनशी संधान बांधलं होतं. मामा गेले होते तशीच गाडी भलत्या मानपाड्याला गेली होती.

“ताई? ऐकतेस ना?”

“ताई वर आहे,” मी म्हटलं, “इथं भाऊजी ऐकतायत.”

त्यानंतर जी शांतता पसरली ती थेट गणपतीपर्यंत टिकली.

शेवटी नाक्यावरच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरानं पडद्यावर दोनदा बोट फिरवून निदान केलं. “काका, गाडीत यादी असते. सुरू झाली की ती वरून एकेकाला हाक मारत खाली येते. तुम्ही तिसरे. दुसऱ्या काकू. हे पहिले कोण?”

पहिलं नाव आमच्या चिरंजीवांचं होतं. २०१८ साली गाडी घेतली तेव्हा सगळी जोडाजोड त्यानंच करून दिली होती. २०२२ साली तो नोकरीसाठी जर्मनीला गेला, अर्थात फोनसकट. म्हणजे तेव्हापासून रोज सकाळी गाडी आधी त्याला शोधत होती. ‘जोडत आहे’ असं लिहून थांबायची. तो सापडला नाही की हिला, आणि ही जवळपास नसली तर मला. मी समजत होतो, यंत्र म्हातारं झालं.

“हे पहिलं नाव उडवतो. लगेच जोडेल. दाबू?” पोरानं बोट उचललं.

ही मागच्या सीटवर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. “माझं काढ,” ती म्हणाली. “त्याचं राहू दे.”

“अगं, पण त्याच्यामुळंच उशीर होतो!”

“घोडबंदर रोडवर तुम्हाला कसली घाई आहे?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. पोरानं हिचं नाव काढलं. मेव्हणीचं भय संपलं.

आता सकाळी किल्ली फिरवली की पडद्यावर चिरंजीवांचं नाव उमटतं आणि गाडी अर्धा मिनिट त्याला हुडकत बसते. तेवढा वेळ आम्ही दोघं काही बोलत नाही. मी पट्टा लावतो, ही काच पुसते. मग गाडी माझ्याकडे वळते आणि गाणं लागतं.

गाडीचं बरं आहे. अर्ध्या मिनिटात नाद सोडते.